उसाखालचं पाणी आणि एक विकी : कोल्हापूरच्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हवामान बदल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जिथं गाठ पडते, त्या विषयाला वाहिलेला एक सामुदायिक विकी आहे. कुणीही खातं काढावं, पान सुधारावं, खाली संदर्भ जोडावा. वीज, शेती, जंगलं, पूर असे विभाग आहेत. मशीन लर्निंगचा तिथं काय उपयोग होतो, डेटा कुठं मिळतो आणि कुठं गाडी अडते, हे प्रत्येक विभागात लिहिलेलं असतं. लिखाण इंग्रजीत, लिहिणारे बहुतेक संशोधक. त्यातल्या पुराच्या पानात कोल्हापुरातल्या एका गटानं भर घालायचं ठरवलं, त्याची ही हकीकत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील हलवले आहेत. नदी, धरण आणि पाण्याच्या पातळ्या मात्र आहेत तशाच.

गट लहानच. भूगोल शिकवणाऱ्या एक मॅडम, त्यांच्या ओळखीची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची दोन मुलं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा, आणि आंबेवाडीकडचे ऊस पिकवणारे आबा. अण्णांकडे पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या वह्या होत्या. आबांकडे नदीकाठची शेती. मुलांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती. मॅडमना या तिघांचं म्हणणं एकमेकांपर्यंत पोचवता येत होतं, आणि माझ्या मते गट टिकला तो त्यामुळंच.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं नदीबद्दल. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं, तिथून पुढं ती पंचगंगा. शहराजवळ कसबा बावड्याला राजाराम बंधारा आहे आणि कोल्हापूरकर पूर मोजतो तो याच बंधाऱ्यावर. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीला निघाली की शहरातल्या सुतारवाड्यात आणि कुंभार गल्लीत सामान वर चढवायला सुरुवात होते, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

नेमकं अडलं कुठं

विकीच्या पानावर दोन गोष्टी नीट मांडलेल्या होत्या. एक, पुराचा अंदाज. त्यात एलएसटीएम या प्रकारच्या मॉडेलांचं वर्णन होतं. या मॉडेलला पावसाचे आणि हवामानाचे आकडे दिवसामागून दिवस दिले जातात आणि मागचं किती 'लक्षात ठेवायचं' हे ते स्वतः शिकतं. ही रचना १९९७ सालची, पण नद्यांसाठी तिचा गाजावाजा गेल्या काही वर्षांतला. गूगलनं आपल्या पूर-अंदाजाची चाचणी २०१८ मध्ये पाटण्याला सुरू केली होती, तिचाही उल्लेख पानावर होता. दुसरी गोष्ट, आलेलं पाणी कुठवर पसरलं याचा नकाशा, म्हणजे सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची रडार-चित्रं घेऊन पाणी कोणतं आणि जमीन कोणती हे मॉडेलला ओळखायला शिकवणं.

मुलांनी २०१९ च्या पुराचा असाच एक तयार नकाशा गटापुढं ठेवला. नदीचं पात्र फुगलेलं, काठाची मोकळी रानं निळी. आबांनी बोट ठेवलं ते निळ्याच्या मधोमध राहिलेल्या कोरड्या पट्ट्यांवर.

"हितं पाणी न्हाई म्हणतंय व्हय हे? ह्या पट्टीत माझ्या छातीएवढं पाणी हुतं."

त्या पट्ट्यांत ऊस होता. कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठानं दुसरं काय असणार म्हणा.

गटाला विकीवर सांगायचं होतं ते हेच. पण विकीचा नियम साधा आणि कडक आहे. स्वतःचं संशोधन, स्वतःची साक्ष चालत नाही, प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रकाशित आधार हवा. आबांची छाती हा संदर्भ होऊ शकत नाही. मुलांनी उत्साहाच्या भरात लिहिलेला पहिला मजकूर संपादकांनी काही तासांतच काढून टाकला. शेरा सभ्य होता : माहिती रोचक आहे, आधार द्यावा.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग म्हणजे विकी सोडून देऊन मराठीत आपलं वेगळं काहीतरी काढणं. आबा याच बाजूचे होते. "ज्यांला कळायचं त्यांला कळतंय, सायबाला कशाला पटवायचं?" यात तथ्य होतंच. पण हे नकाशे जे बनवतात ती माणसं वाचतात विकी. नुकसानभरपाईसाठी किंवा पीकविम्यासाठी उद्या असेच नकाशे आधाराला घेतले गेले, तर उसाच्या जागी 'कोरडं' लिहिलेलं असणं आबांनाच महागात पडणार. हा मुद्दा मॅडमनी काढला आणि आबा गप्प झाले.

दुसरा मार्ग एका मुलानं सुचवला. चॅटबॉटकडून 'पंचगंगा आणि एआय' असं अख्खं पान लिहून घ्यायचं, संदर्भांसकट. त्यानं घेतलंही. मजकूर गुळगुळीत होता. अण्णांनी चष्मा पुसून वाचायला घेतला आणि चौथ्या-पाचव्या ओळीला थांबले. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी '३९ मीटर' लिहिली होती. "एकोणचाळीस मीटर पाणी आलं तर इशारा द्यायला माणूस उरंल का रे?" पुढं दिलेल्या संदर्भांपैकी एक निबंध शोधून कुठंच सापडला नाही. तो मसुदा तिथंच संपला. मात्र चॅटबॉट पूर्ण बाद झाला नाही. गटानं ठरवलं की मजकूर आपण लिहायचा, इंग्रजी सुधारायला तेवढी त्याची मदत घ्यायची आणि प्रत्येक बदलाच्या नोंदीत तसं लिहायचं. मला हा तोडगा योग्य वाटतो. ज्या विकीचा विषयच कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तिथं तिच्या वापराबद्दल लपवाछपवी शोभली नसती.

तिसरा मार्ग कष्टाचा होता. जे प्रकाशित आहे त्याच्या आधारानं सर्वसाधारण विधान करायचं आणि आपल्याकडची साक्ष कुणालाही तपासता येईल अशा डेटाच्या रूपात वेगळी प्रसिद्ध करायची. गट याच वाटेनं गेला.

उसाचं प्रकरण

सेंटिनेल-१ च्या रडारची लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची असते. ढग तिला अडवत नाहीत, म्हणून भर पावसाळ्यात ती उपयोगी. शांत, उघड्या पाण्यावर पडलेली लहर आरशावरच्या उजेडासारखी पलीकडं निघून जाते, उपग्रहाकडं फारशी परत येत नाही, आणि चित्रात पाणी काळं दिसतं. मॉडेल शिकतं ते मुख्यतः हे : काळं म्हणजे पाणी. पण पुरुषभर उंच उसाच्या पाल्यावर आदळून ती लहर वरच्या वरच विखुरते. खाली चार फूट पाणी असलं तरी वरून रान हिरवंगारच. कधी लहर पाण्यावर आणि उसाच्या बुडख्यावर अशी दोनदा आपटून परतते, तेव्हा तो तुकडा नेहमीपेक्षा जास्तच उजळ दिसतो. पिकाखालच्या पाण्याची ही अडचण रडारवाल्यांना जुनीच माहीत आहे, त्यावर छापील लिखाणही भरपूर आहे. म्हणजे सर्वसाधारण विधानाला आधार मिळाला.

खरी भर पडली ती आबांच्या पुढच्या बोलण्यातून. ऊस म्हणजे एकच उंचीचं पीक नव्हे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ती पुढच्या ऑगस्टात वर्षाची होते आणि डोक्याच्या कितीतरी वर जाते. पूर्वहंगामी त्याहून लहान. सुरू लागण डिसेंबरनंतरची, तो ऊस पुराच्या वेळी जेमतेम सहा-सात महिन्यांचा. खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यापासून पुन्हा फुटलेल्या उसाचं, आणखी वेगळं. तेव्हा एकाच बांधाच्या अलीकडं ऊस बुडून काळं दिसणार आणि पलीकडं पाणी तेवढंच असून उजळ दिसणार. पाणी किती चढलं होतं हे नंतर कळतं ते पाल्यावर बसलेल्या गाळावरून. जिथवर पाणी, तिथवर पानं करडी, त्याच्या वर हिरवी. शेंडा पाण्याखाली काही दिवस राहिला तर तो कुजतो आणि खालचे डोळे फुटायला लागतात, म्हणजे पीक स्वतःच पाण्याची नोंद ठेवतं. नकाशावर काम करणाऱ्या माणसाला हे कुठल्या निबंधात सहज सापडणार नाही.

पुरावा म्हणून २०२१ चे फोटो होते. गाळाची रेघ स्वच्छ दिसत होती, एकदोन फोटोंत आबांचा पुतण्या शेजारी उभा असल्यानं उंचीचा अंदाजही येत होता. पण हे फोटो व्हॉट्सॲपवरून फिरत आले होते, आणि तसं होताना फोटोतली जागेची आणि वेळेची माहिती गळून जाते. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होते त्यातला एक फोन विकला गेला होता. दुसऱ्याच्या फुटक्या स्क्रीनमधून मुलांनी कसेबसे काही काढले. उरले मोजकेच.

इथं एक महत्त्वाचा निर्णय झाला. चर्चेच्या पानावर एका संपादकानं विचारलं होतं, उसामुळं पुराचं क्षेत्र किती टक्के कमी दिसतं? मुलांना आकडा काढायचा होता. तयार नकाशा घ्यायचा, फोटोंच्या जागा टाकायच्या, गुणोत्तर काढायचं, एका संध्याकाळचं काम. मॅडमनी नकार दिला. फोटो कुठल्या पद्धतीनं निवडलेले नव्हते. लोकांनी जिथं नुकसान मोठं तिथंच फोटो काढले होते. शिवाय एका उपग्रहाला त्याच जागेवरून पुन्हा जायला १२ दिवस लागतात, त्यामुळं चित्र घेतलं तेव्हा आणि फोटो काढला तेव्हा पाणी सारखंच होतं असं मानायला आधार नव्हता. मुलं नाराज झाली. आकडा दिला असता तर तो नक्कीच उचलला गेला असता, आणि नेमकी भीती तीच होती. गटानं उत्तर दिलं : टक्केवारी आमच्याकडं नाही, जागा आणि तारखांसह फोटो देऊ शकतो. फोटो झेनोडो या खुल्या संग्रहावर ठेवले, कुणीही श्रेय देऊन वापरावेत अशा परवान्यानं.

फूट, इंच आणि दशांश

अण्णांच्या वह्यांचं काम सोपं असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. राजाराम बंधाऱ्याच्या पातळ्या तासातासानं लिहिलेल्या, त्या स्प्रेडशीटमध्ये भरायच्या, बस्स. भरल्यावर आलेख काढला तर पाणी चढत असताना धोका पातळीच्या जरा वर अचानक खड्डा. ४३.९, मग ४३.१, मग ४३.११, मग एकदम ४४.

ज्यानं आलेख काढला तो मुलगा म्हणाला, "आउटलायर आहे, काढून टाकूया, मॉडेलला चालतं."

अण्णांनी नुसतं बघितलं. "नदी चढत असताना मधेच आठ-नऊ इंच उतरून परत चढती व्हय रे बाळा?"

झालं होतं असं की वहीत ४३ फूट १० इंच हे ४३.१० असं लिहिलेलं. इथं बहुतेक सगळे तसंच लिहितात, मेसेजमध्येही तेच फिरतं. वाचणाऱ्याला कळतं की टिंबानंतर इंच आहेत. कॉम्प्युटरला तो दशांश वाटतो, आणि वर तो शेवटचं शून्य गाळून टाकतो. ४३.१० चं ४३.१ झालं की ते ४३ फूट १ इंचापासून वेगळं ओळखता येत नाही. नऊ इंचांचा फरक गायब, आणि तोही नेमका धोक्याच्या रेषेजवळ, जिथं दर इंचाला गल्लीतल्या माणसाचा निर्णय बदलतो. ४३ फूट ११ इंच म्हणजे दशांशात ४३.९२, पण शीटमध्ये ते ४३.११ म्हणून बसलेलं.

दोन वाटा होत्या. एक छोटा प्रोग्रॅम लिहून, पाणी चढतंय असं गृहीत धरून आकडे आपोआप दुरुस्त करायचे. किंवा वहीकडं परत जाऊन एकेक नोंद बघायची. प्रोग्रॅमनं बहुतेक नोंदी बरोबर झाल्या असत्या. पण वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे मिटले किंवा पाऊस थांबला की पाणी खरंच उतरतं, आणि तिथं प्रोग्रॅमनं खरा उतारही 'दुरुस्त' केला असता. गट वहीकडं परत गेला. अण्णा वाचणार, एक मुलगा टाइप करणार, दुसरा बघणार. शेवटच्या तक्त्यात तीन रकाने ठेवले : वहीत जसं आहे तसं, दशांशातले फूट आणि मीटर. धोका पातळीपुढं १३.१ मीटर दिसायला लागल्यावर चॅटबॉटच्या ३९ मीटरची आठवण काढून परत एकदा हशा झाला.

राधानगरीचा विषय याच ओघात निघाला. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. फक्त पावसाच्या आकड्यांवर शिकलेल्या मॉडेलला हे दरवाजे दिसत नाहीत. त्याला दिसतो पाऊस आणि नंतर फुगलेली नदी. मधली पायरी त्याला अंदाजानंच भरावी लागते. ही भर विकीवर दोन वाक्यांत गेली आणि कुणी हरकत घेतली नाही.

कर्नाटकात कृष्णेवर खाली असलेल्या अलमट्टी धरणाचा परिच्छेद मात्र गटानं स्वतःच मागं घेतला. शिरोळकडच्या एका स्नेह्यानं आग्रहानं लिहून दिला होता. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याला आपल्याकडून असलेला विरोध, आणि २०१९ च्या पुराचा दोष तिथं जातो की नाही हा वाद. मॉडेलांच्या पानावर हा वाद मिटणारा नव्हता आणि बाकीचं सगळं त्यात वाहून गेलं असतं. मला इतकंच खटकतं की त्यातला निव्वळ तांत्रिक भाग, म्हणजे पुढं पाणी तुंबलेलं असलं की तेवढ्याच प्रवाहाला मागं पातळी जास्त दिसते, तोही परिच्छेदाबरोबर गेला. कुणाचंही नाव न घेता तो राखता आला असता.

खुणा कुणाच्या घरावर

मुलांची आणखी एक कल्पना होती. शहरात २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर आहेत, काही ठिकाणी लोकांनी मुद्दाम रंगानं ओढून ठेवलेल्या. त्या जीपीएसनं नोंदवायच्या म्हणजे मॉडेल तपासायला उत्तम साधन. कुंभार गल्लीत गणपतींच्या कामाची घाई चाललेली असताना ती दोघं गेली. पहिल्या घरात चहा मिळाला, फोटोही मिळाला. दुसऱ्या घरातल्या काकूंनी विचारलं, "हे कुठं चढवणार? उद्या घर विकायला काढलं तर हेच दाखवतील की." तिसरीकडं पूररेषेचा विषय निघाला. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाची परवानगी त्यावर अडते आणि घराचं मोल त्यावर ठरतं.

गटात यावर बराच खल झाला. खुणा भिंतीवर उघड्याच आहेत, त्यात लपवण्यासारखं काय, असं एक मत. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणं वेगळं आणि जगातल्या कुणालाही नकाशावर घर शोधता येणं वेगळं, असं दुसरं. शेवटी घरांऐवजी चौक, देऊळ, विजेचा खांब अशा सार्वजनिक जागांच्याच खुणा घ्यायच्या ठरल्या. त्यानं अचूकता घटली आणि नोंदीही कमी झाल्या. पहिल्या घरचा फोटो परवानगी असूनही वापरला नाही, कारण ती परवानगी चहाबरोबर मिळालेली होती, पुढचा विचार करून दिलेली नव्हती.

निष्पत्ती

विकीच्या पानावर आज गटाचा मजकूर आहे तो जेमतेम तीन छोट्या परिच्छेदांएवढा. पिकाखालचं पाणी रडारला का दिसत नाही हे सर्वसाधारण विधान, उदाहरण म्हणून पंचगंगेकाठचा ऊस आणि फोटोंचा दुवा. लागणीच्या हंगामांवरचा भाग संपादकांनी बराच छाटला, 'पिकाचं वय आणि उंची यानुसार फरक पडतो' एवढंच ठेवलं. आबांना ते आवडलं नाही. सविस्तर भाग झेनोडोवरच्या टिपणात पूर्ण आहे, पण तिथवर किती जण जातील याबद्दल गटात कुणाला भ्रम नाही.

सगळ्यात बिनबोभाट मान्य झाली ती फूट-इंचाची सूचना. डेटा स्वच्छ करण्याच्या यादीत ती एका ओळीत बसली : जुन्या नोंदींत टिंबानंतर इंच असू शकतात, शेवटचं शून्य जपा. थोड्या दिवसांनी दुसऱ्याच एका खोऱ्यावर काम करणाऱ्या कुणीतरी चर्चेच्या पानावर लिहिलं की त्यांच्याही नोंदींत असंच निघालं. वह्यांचा तक्ता वापराबद्दल विचारणाही झाली. त्यावर परवाना कोणता लावायचा हे अजून लोंबकळतंय, कारण वहीतल्या काही पातळ्या अण्णांनी वर्तमानपत्रातून उतरवलेल्या आहेत आणि कुठल्या ते त्यांनाही आता सांगता येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मजकूर लिहिण्याआधी चर्चेच्या पानावर जायला हवं होतं. 'आमच्याकडं हे आहे, तुम्हाला कोणत्या रूपात चालेल' एवढा प्रश्न आधी विचारला असता तर पहिला मजकूर उडाला नसता आणि मुलांचा हिरमोडही झाला नसता.

फोटोंची तयारी पावसाळ्याआधी करावी लागेल. जागेची नोंद चालू ठेवून फोटो काढायचे, व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर फाईल म्हणून पाठवायचे, आणि उसात शिरताना हातात फुटांच्या खुणा केलेली काठी ठेवायची. ती काठी आबांनी करून ठेवली आहे. पाणी उतरल्यावर लगेच जावं लागतं, कारण पुढच्या मोठ्या सरीत पाल्यावरचा गाळ धुऊन जातो. मॅडमचं म्हणणं आहे की या खेपेला जागाही आधीच ठरवून घ्याव्यात, बुडणाऱ्या आणि न बुडणाऱ्या दोन्ही, म्हणजे संपादकांनी विचारलेल्या टक्केवारीला निदान हात तरी घालता येईल.

वह्यांच्या बाबतीत अण्णांनी नवीन वहीत इंचांसाठी वेगळा रकाना आखला आहे, त्याच्या शेजारी पातळी कुठून कळली ते लिहायला आणखी एक. कुंभार गल्लीतल्या काकूंकडं मात्र पुन्हा कुणी गेलेलं नाही. त्यांच्या भिंतीवरची खूण नोंदीत नाही, पण तिचं काय ठरलं हे त्यांना जाऊन सांगायला हवं होतं, असं मुलांपैकी एकानं मागच्या बैठकीत म्हटलं आणि ते काम त्याच्याच गळ्यात पडलं.